पोर्तुगालमधील यजमान कुटुंबाकडचा मुक्काम : सतार घेऊन कोइंब्राला जाताना

धागाकर्ती

सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या दौऱ्यावर निघालेल्या आपल्याकडच्या तरुण वादकांना घरून आणि गुरूंकडून जो सल्ला मिळतो, तो बहुधा कार्यक्रमापुरता असतो. कोणता राग घ्यावा, किती वेळ वाजवावे, साथीला कोणाला न्यावे, एवढेच बोलणे होते. ज्या घरी राहायचे त्या घराविषयी फारसे कोणी बोलत नाही. मी सतार वाजवते. पोर्तुगालमधील कोइंब्रा शहरात एका कुटुंबाकडे राहून आले आणि तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे, की अशा दौऱ्यातले खरे शिक्षण त्या घरात होते. म्हणून आयोजकांशी बोलताना कार्यक्रमांच्या संख्येपेक्षा घरातल्या दिवसांसाठी आग्रह धरावा. पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा धागा काढते आहे.

कोइंब्रा हे मोंदेगो नदीकाठचे, टेकडीवर चढत गेलेले विद्यापीठाचे गाव आहे. 1290 साली लिस्बनमध्ये स्थापन झालेले विद्यापीठ दोन्ही शहरांत ये-जा करत अखेर 1537 मध्ये इथे कायमचे आले, आणि 2013 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. इथल्या गाण्याची घडण या विद्यापीठानेच केली. लिस्बनचा फादो, म्हणजे तिथले आर्त सुरांचे पारंपरिक गाणे, अल्फामा, मोरारिया अशा जुन्या वस्त्यांमधून, खानावळींतून आणि गोदीच्या परिसरातून वर आला. कोइंब्राचा फादो मात्र काळा झगा आणि खांद्यावर काळी शाल घेतलेल्या विद्यार्थ्यांनी रात्री खिडक्यांखाली उभे राहून गायलेला आहे. इथली अनेक जाणकार मंडळी त्याला फादो म्हणत नाहीत, ‘कोइंब्राचे गीत’ म्हणतात, आणि त्यांच्यासमोर बोलताना आपणही तेच म्हणावे. मे महिन्यात विद्यार्थ्यांच्या मोठ्या उत्सवाची सुरुवात जुन्या कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर मध्यरात्रीच्या गायनाने होते. अशा गायनानंतर टाळ्या वाजवण्याची तिथे जुनी रीत नाही, श्रोते हलकेच खाकरून दाद देतात. आपण ‘वाहवा’ म्हणत ऐकणारी माणसे, त्यामुळे त्या खाकरण्याची सवय व्हायला थोडे दिवस लागतात.

माझे यजमान औषधांच्या दुकानात नोकरी करतात आणि संध्याकाळी गिटारवर साथ करतात. त्यांच्या पत्नी शिक्षिका आहेत, आजी घरीच असतात, आणि मुलगी विद्यापीठात शिकत असून पोर्तुगीज गिटार वाजवते. हे सगळे मला पहिल्या बैठकीत सांगितले गेले नाही. जेवणानंतर सुपाच्या वाट्या उचलल्या गेल्या, टेबलावरच्या चादरीवरचे पावाचे कण झटकले गेले, आणि मग मुलीने भिंतीजवळची पेटी उघडली. त्या घरात वाद्य हातात घेण्याची वेळ तीच होती. पहिले काही दिवस मी सतार बाहेर काढली नाही. आयोजकांना दुसऱ्याच संध्याकाळी एकत्र काहीतरी वाजवून हवे होते, त्याचे चित्रीकरणही ठरले होते. ते पुढे ढकलावे अशी मी विनंती केली आणि माझ्या यजमानांनी माझी बाजू घेतली. दोन अनोळखी वाद्ये दुसऱ्या दिवशी शेजारी बसवली की दोघेही आपापल्या ठरलेल्या जागा वाजवतात, दोघांनाही दुसऱ्याचे काही ऐकू येत नाही, आणि ऐकणाऱ्यांना त्याचेच नाव ‘फ्यूजन’ म्हणून सांगितले जाते. हा प्रकार मला मनापासून नको वाटतो.

आता वाद्याविषयी, कारण सतार किंवा सरोद वाजवणाऱ्यांना यात फार रस वाटेल. पोर्तुगीज गिटार आपल्या ओळखीच्या गिटारपेक्षा वेगळी, नाशपतीच्या आकाराची असते. धातूच्या बारा तारा सहा जोड्यांमध्ये लावलेल्या असतात. वरच्या तीन जोड्या एकाच स्वरात आणि खालच्या तीन जोड्या सप्तकाच्या अंतराने मिळवलेल्या असतात. खुंट्यांऐवजी डोक्यावर पंख्यासारखी पसरलेली स्क्रूंची रचना असते. कोइंब्राची गिटार लिस्बनच्या गिटारपेक्षा एक पूर्ण स्वर खाली मिळवतात आणि तिची तारेची लांबीही थोडी जास्त असते, त्यामुळे तिचा आवाज भारदस्त येतो. दोन्ही ओळखायची सोपी खूण डोक्यावर आहे : लिस्बनच्या वाद्याला वळलेली गोल नक्षी असते, कोइंब्राच्या वाद्याला अश्रूच्या आकाराचा थेंब असतो.

उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला खोटी नखे चिकटपट्टीने बांधतात. पूर्वी ती कासवाच्या कवचाची असत, आता प्लास्टिकची असतात. तर्जनी एकटीच खाली-वर फिरवून जो जलद झणत्कार निघतो, तो मी प्रथम ऐकला तेव्हा मला लगेच आपल्या सतारीचा ‘दा-रा’ हा बोल आठवला. जवळून पाहिल्यावर मात्र फरक कळला. आपली मिजराब बोटाच्या टोकावर घट्ट बसलेली तार असते आणि ताकद मनगटातून येते. त्या मुलीचे मनगट जवळजवळ स्थिर होते, हालचाल बोटाच्या मधल्या सांध्यातून होत होती, आणि नखाची कड तारेला किंचित तिरपी लागत होती. मी तिला मिजराब घालायला दिली आणि तिने माझ्या तर्जनीला नख बांधले. पुढच्या कित्येक संध्याकाळी आम्ही एवढेच करत होतो. कोणतीही कार्यशाळा याला वेळ देत नाही.

डाव्या हाताचा फरक याहून मोठा आहे. सतारीवर तार ओढून चार-पाच स्वरांची मींड घेता येते. पोर्तुगीज गिटारची तार आखूड आणि ताठ असल्यामुळे ती फार ओढता येत नाही, आणि म्हणून तिथल्या वादकांनी सगळी आर्तता स्वरावरच्या कंपनात आणली आहे. तिथली वादनशैली आज ज्या रूपात आहे, ती मुख्यतः आर्तुर पारेदिश (1899–1980) यांनी घडवली, आणि त्यांचे पुत्र कार्लुश पारेदिश (1925–2004) यांनी हे वाद्य गायकाच्या साथीतून बाहेर काढून एकल वादनाच्या उंचीवर नेले. कार्लुश हे थोर वादक लिस्बनच्या रुग्णालयात क्ष-किरण चित्रांच्या दप्तरात नोकरी करत. 1958 मध्ये हुकूमशाही राजवटीने त्यांना तुरुंगात टाकले. कोठडीत येरझाऱ्या घालत ते मनातल्या मनात रचना करत, असे त्यांच्याविषयी सांगतात. माझ्या यजमानांच्या घरी त्यांचे नाव घेताना आवाज आपोआप खाली येई.

अखेर एकत्र वाजवले तेव्हा आम्ही रागाचे नाव घेऊन सुरुवात केली नाही, त्यांच्या गाण्यापासून केली. त्यांची बरीच गाणी ज्या मायनर स्वरपंक्तीत असतात, ती आपल्या किरवाणीशी जुळते : कोमल गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद. माझा षड्ज पांढरी दोनमध्ये होता आणि त्यांनाही तो सोयीचा होता. अडचण पुढे आली. त्यांच्या साथीत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, बदलतात, आणि पंचमावरचा कॉर्ड आला की त्यात पंचम, शुद्ध निषाद आणि रिषभ असतात. त्याच क्षणी माझी चिकारी, म्हणजे षड्ज देत राहणारी बाजूची तार, वाजली की षड्ज त्या निषादाला आणि रिषभालाही खुपतो. आपल्या कानांना अखंड षड्ज म्हणजे आधार वाटतो, पण त्यांच्या कानांना त्या ठिकाणी तो अडथळा वाटत होता, आणि त्यांचे म्हणणे योग्य होते. आम्ही चिकारी फक्त ओळीच्या शेवटी, स्वर घरी परतल्यावर घ्यायची असे ठरवले आणि तरफेतील, म्हणजे खालच्या आपोआप घुमणाऱ्या तारांमधील, षड्जाच्या तारांवर कापडाची पातळ पट्टी ठेवली. याउलट आलाप मी एकटीने केला, तेव्हा यजमानांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून हात बाजूला घेतले. कोणी कुठे थांबायचे, हे स्वयंपाकघराशेजारच्या त्या खोलीत ठरले म्हणूनच कार्यक्रमात ते निभावले.

प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत.

प्रतिसाद (पुणे)

ताई, अत्यंत उपयुक्त लेखन. मी बासरी वाजवतो आणि पुढील वर्षी पोर्तुगालला जाण्याची शक्यता आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मी शाकाहारी आहे, तर घरात राहून ते जमते का? पोर्तुगीज येत नसेल तर घरातल्या ज्येष्ठांशी बोलणे कसे होते? आणि पहाटेचा रियाज तिथे करता येतो का?

धागाकर्ती

शाकाहाराविषयी जाण्यापूर्वीच लेखी कळवावे, आणि ‘शाकाहारी’ एवढेच न लिहिता मासे, मांसाचा रस्सा आणि सॉसेज चालत नाही असे स्पष्ट लिहावे. त्यांचे हिरव्या पालेभाजीचे आणि बटाट्याचे सूप वरून पाहता शाकाहारी वाटते, परंतु त्यात सॉसेजचे काप घालण्याची पद्धत आहे. माझ्या यजमानीणबाई माझे सूप आधी वेगळे काढून ठेवत. मक्याचा पाव, चीज, ऑलिव्ह, वाल आणि चण्याचे पदार्थ, फळे यांवर माणूस व्यवस्थित राहतो. सणाला आजी दुधातला गोड भात करत. तो पसरट ताटात ओतून, थोडा निवल्यावर त्यावर चिमटीतून दालचिनीची पूड सोडत त्या जाळीची नक्षी काढत, अगदी आपल्याकडे अंगणात रांगोळी सोडावी तशी, रेघ कुठेही न तुटू देता. मला त्यांनी एक ताट करायला दिले आणि माझी नक्षी पाहून पाहुण्यांसमोर तेच ताट ठेवले.

भाषेसाठी दोन-तीन महिने आधी युरोपीय पोर्तुगीजचे धडे ऐकायला सुरुवात करावी. मोबाइलवरचे बहुतेक धडे ब्राझीलच्या उच्चारांचे असतात आणि कोइंब्रात बोलताना स्वर इतके गिळले जातात, की ते शिकून गेलेल्याला पहिले काही दिवस काहीच समजत नाही. आजींशी माझे बोलणे गाण्याच्या ओळींवरून सुरू झाले. त्या कडवे सावकाश म्हणत, मी लिहून घेई, आणि अर्थ मुलगी सांगे.

रियाजासाठी घराच्या भिंती पाहाव्यात. जुन्या इमारतींत शेजाऱ्यांना सर्व ऐकू जाते आणि तिथल्या कायद्यानुसार रात्री अकरा ते सकाळी सात हा शांततेचा काळ असतो. मी सकाळी घरातली माणसे कामाला गेल्यावर बसत असे. बासरीचा पहाटेचा खर्जाचा रियाज नदीकाठच्या बागेत करता येईल.

प्रतिसाद (लिस्बन)

मी नोकरीनिमित्त लिस्बनमध्ये राहतो, म्हणून इथली बाजू मांडतो. धागाकर्तींनी कोइंब्राविषयी लिहिले ते योग्यच आहे, परंतु लिस्बनच्या फादोत एक गोष्ट आहे जी हिंदुस्थानी संगीताच्या माणसाला विशेष भावेल. इथे मेनोर, कोरीदू आणि मोरारिया हे तीन पारंपरिक फादो मूळचे मानले जातात, आणि त्यांना ठरलेले शब्द नाहीत. छंदात बसणारी कोणतीही कविता गायकाने त्या चालीवर घ्यावी आणि ओळ आपल्या ढंगाने लांबवावी, वळवावी, उशिरा सोडावी, अशी अपेक्षा असते. त्यामुळे तीच चाल दहा गायकांकडून ऐकताना प्रत्येक वेळी नवे काही मिळते. गाणे सुरू होण्यापूर्वी दिवे मंद करतात आणि वाढपीसुद्धा थांबतात. पर्यटकांच्या महागड्या ठिकाणांपेक्षा हौशी मंडळी आळीपाळीने गातात तिथे जावे. अल्फामातील फादो संग्रहालय 1998 पासून सुरू आहे आणि तिथे जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी एक पूर्ण दिवस ठेवावा.

बासरीवाल्या मित्रांसाठी आणखी एक : लिस्बनमध्ये राधाकृष्णाचे मंदिर आहे. ते मोझांबिकमधून आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभे केलेले असून तिथे शाकाहारी जेवण मिळते. गोव्याच्या मंडळींची ‘कासा दि गोवा’ ही संस्थाही इथे आहे आणि तिचे ‘एकवाट’ हे पथक मांडो व दुलपदे ही गोव्याची कोकणी गीते सादर करते.

प्रतिसाद (फोंडा, गोवा)

मांडोचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. पोर्तुगालला निघालेल्या मराठी वादकाने वाटेत आठ दिवस गोव्यात काढावेत, असे मला कळकळीने सुचवायचे आहे. युरोपीय स्वरलेखन आणि व्हायोलिन गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चच्या पाठशाळांमधून शिकवले गेले, आणि त्याच भूमीत ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत एकोणिसाव्या शतकात मांडो बहरला. मांडोत चाल मायनर अंगाची आणि संथ, साथीला व्हायोलिन, आणि तालाला मातीचा घुमट. हाच घुमट आमच्या फोंडा परिसरात गणेशचतुर्थीच्या आरत्यांना आणि शिगम्यात वाजतो. एकच वाद्य दोन्ही धर्मांच्या घरांत आहे. 2019 मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवत, आता बकरीचे चढवतात.

तिथल्या यजमानांनी ‘भारतात आमचे काय उरले आहे’ असे विचारले, तर त्यांना चर्चच्या इमारतींची छायाचित्रे दाखवण्यापेक्षा एक मांडो वाजवून दाखवावा. तो त्यांचा नाही, आमचा आहे, आणि तरीही त्यातले पुष्कळ त्यांना ओळखीचे वाटेल.

धागाकर्ती

आपली सूचना मी मनापासून मान्य करते. त्या घरी यजमानांनी गोव्याविषयी विचारले होते आणि 1961 चा विषयही निघाला होता. त्यांचे काका त्या काळी सैनिक म्हणून गोव्यात होते. बोलणे अवघडले नाही, कारण दोघांनीही आपापल्या घरी ऐकलेले तेवढेच सांगितले. गोव्याचे संगीत सोबत असते, तर त्या रात्रीला आणखी काही मिळाले असते.

प्रतिसाद (नागपूर)

लेख चांगला आहे, पण एक शंका आहे. फादो हे सालाझारच्या हुकूमशाहीचे लाडके गाणे होते, ‘फादो, फातिमा (तिथले ख्रिस्ती तीर्थस्थान) आणि फुटबॉल’ यांवर जनतेला गुंगवून ठेवले गेले, असे वाचल्याचे आठवते. अशा परंपरेकडे आपण इतक्या भक्तिभावाने पाहावे का?

धागाकर्ती

शंका रास्त आहे आणि ती तिथेही विचारली जाते. राजवटीने फादोचा वापर केला, त्यावर कडक तपासणीही ठेवली, आणि 1974 मध्ये ती राजवट कोसळल्यावर काही वर्षे अनेक डाव्या विचारांची माणसे फादोकडे संशयाने पाहत होती. परंतु कोइंब्राचा इतिहास याच्या अगदी उलट बाजूला जातो. ज़ुज़े अफोन्सू (1929–1987) याच विद्यापीठात शिकले, इथलीच पारंपरिक गाणी गात पुढे आले आणि नंतर प्रतिकाराचे गायक झाले. 25 एप्रिल 1974 रोजी मध्यरात्रीनंतर रेडिओवर त्यांचे ‘ग्रांदोला, व्हिला मोरेना’ लागले, तोच सैनिकांना बंडासाठी ठरवलेला इशारा होता. त्याआधी, 17 एप्रिल 1969 रोजी, गणिताच्या इमारतीच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष आले असता विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षाला बोलू दिले गेले नाही. त्यातून संप आणि परीक्षांवरील बहिष्कार उभा राहिला, आणि विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून आपला वार्षिक उत्सव थांबवला. तो 1980 मध्ये पुन्हा सुरू झाला. अनेक वर्षे काळी शाल अंगावर घेणेसुद्धा प्रतिगामी मानले जात होते. माझ्या यजमानांच्या कपाटात वडिलांची शाल आहे. मोठी मंडळी त्यावर अजून वाद घालतात आणि मुलगी ती शाल न घेता वाजवते.

आणखी एक वाद तिथे जिवंत आहे. कोइंब्राचे गाणे परंपरेने पुरुषांचे मानले गेले. आज मुली वाजवतात, काही गातातही, पण ‘ही परंपरा नव्हे’ असे म्हणणारे सभ्य, सुशिक्षित लोक मला भेटले. आपल्याकडे सतारीच्या मैफलीत स्त्री वादकाविषयी काय काय ऐकावे लागते, हे मी त्या मुलीला सांगितले. माझे मत विचाराल, तर ज्या घरात आजींना सगळी कडवी तोंडपाठ आहेत आणि नातीचा हात बापापेक्षा तयार आहे, त्या घराने या वादाचा निकाल केव्हाच लावलेला आहे.

प्रतिसाद (मिरज)

आमच्या घरी तीन पिढ्या सतारी-तंबोरे बनवण्याचे काम चालते, त्यामुळे वाद्याच्या प्रवासाविषयी विचारतो. सतार विमानात कशी नेलीत? पंढरपूरच्या भागातला भोपळा कितीही जाड निवडला, तरी सामानाच्या हाताळणीत तडा जाण्याची भीती असतेच. तिथल्या दमट थंडीत जवारी, म्हणजे तारांचा झंकार, टिकली का?

धागाकर्ती

दादा, भोपळ्याच्या आत कापड भरण्याऐवजी बाहेरून सगळीकडून सारखा आधार देणारी फायबरची पेटी घेतली, आणि प्रवासापूर्वी सर्व तारा दोन-तीन स्वर उतरवल्या.  सोबत हाडाऐवजी कृत्रिम द्रव्याची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) नेली, कारण सीमेवर प्राण्याच्या हाडा-शिंगाविषयी प्रश्न निघाले की उत्तर देण्यात वेळ जातो. निघताना मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून वाद्याच्या वर्णनासह निर्यात दाखला घेतला. तो असला की परत येताना, विशेषतः नव्या दिसणाऱ्या वाद्यावर, शुल्काचा वाद होत नाही.

थंडीविषयी आपली काळजी योग्य आहे. तिथल्या जुन्या घरांत सर्व खोल्या गरम करण्याची सोय नसते. एका खोलीत शेगडी आणि बाकी घर ओलसर थंड, अशी स्थिती असते. माझ्या खोलीतून शेगडीच्या खोलीत सतार नेली की तरफेच्या खुंट्या सैल पडत आणि तारा पुन्हा स्वरात आणाव्या लागत. शेवटी यजमानांनी दोन्हींच्या मधल्या बोळात, पुस्तकांच्या कपाटाला लागून, आतल्या भिंतीशी तिची जागा केली. त्यांच्या दोन्ही गिटारी तिथेच असतात, कारण त्या भिंतीला बाहेरची हवा लागत नाही. जवारी मुक्कामभर चांगली राहिली, फक्त कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाजाच्या, म्हणजे मुख्य, तारेखाली दोरा घालावा लागला. आपल्याकडे ती एकदा दाखवायला येणारच आहे. तेव्हा त्या मुलीने दिलेली दोन नखेही आणीन, कारण त्यांची कड किती अंशात घासलेली आहे हे आपणच नीट सांगू शकाल.

प्रतिसाद (पुणे)

सर्वांचे आभार. आयोजकांना पत्र लिहितो आहे. घरातल्या मुक्कामाचे दिवस वाढवून मागताना नेमके काय लिहावे?

धागाकर्ती

पहिल्या आठवड्यात एकत्रित सादरीकरण व चित्रीकरण ठेवू नये, यजमान कुटुंबात किमान एक व्यक्ती नियमित गाणारी किंवा वाजवणारी असावी, आणि तुमच्या एकल वादनाला स्वतंत्र वेळ मिळावा, एवढे स्पष्ट लिहा. अल्पकालीन शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहता येते, तेव्हा मुदत हे कारण त्यांना पुढे करता येणार नाही. खर्चाची अडचण सांगितली, तर एक कार्यक्रम कमी करण्याची तयारी दाखवा. पत्राचा मसुदा इथे टाकलात, तर लिस्बनच्या मित्रांच्या मदतीने त्याची पोर्तुगीज प्रतही तयार करता येईल.